पाखल्यांच्या गावात, तिसऱ्यांदा

नमस्कार श्रोतेहो. मी मूळची गोव्यातल्या फोंड्याची, आणि आज तुमच्याशी लिस्बनबद्दल बोलणार आहे, म्हणजे पोर्तुगालची राजधानी. सुरुवातीलाच सांगते, आमच्या आजोबांसमोर हे नाव काढायची सोय नव्हती. ते देवळाच्या अग्रशाळेत मुलांना मराठी शिकवायचे आणि पोर्तुगीज राजवटीत त्यांनी मारही खाल्ला होता. पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं गाव, एवढंच म्हणायचे, पुढे एक शब्द नाही. तर त्यांची नात त्या गावाच्या प्रेमात कशी पडली हे मला सांगायचंय, आणि हे एका दिवसात झालेलं नाही, दहा वर्षं लागली, तीन खेपा झाल्या.

पहिली खेप २०१४ ची. स्पेनची टूर होती, शेवटी चार दिवस लिस्बन जोडलेलं. बेलें नावाच्या भागात जेरोनिमोसचा मठ दाखवला, आत वास्को द गामाची कबर आहे, दगडात कोरलेला माणूस हात जोडून आडवा झोपलाय. १५२४ साली कोचीला वारला तो, हाडं नंतर तिकडे नेली. सगळे फोटो काढत होते, मी काढला नाही, मला आजोबा आठवत होते. त्या प्रसिद्ध कस्टर्डच्या पेस्ट्रीसाठी रांगेत उभं राहिलो, १८३७ पासूनचं दुकान, पेस्ट्री छान होती, पण शहर काही आत शिरलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी वेळ होता म्हणून आम्ही दोघं फेरीबोटीत चढलो. लिस्बन तेजू नदीच्या मुखाशी आहे, पात्र इतकं रुंद की परक्या माणसाला समुद्रच वाटावा, आणि पलीकडच्या काठावर कासिल्यश नावाचं गाव, दहा मिनिटांत पोचवतात. तर तो डिझेलचा वास, धक्क्याला लागताना होणारी ती धडक, जाडजूड दोर फेकणारा खलाशी, आणि उतरायच्या आधीच दाराशी गर्दी करणारी हापिसातनं घरी निघालेली माणसं, कोणाच्या हातात भाजीची पिशवी, कोणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. अहो, पणजीहून बेतीला जाते ना आपली फेरी, तीच! मी लहानपणापासून त्या फेरीत बसलेय. तिथे कठड्याला धरून उभी राहिले आणि मागे वळून बघितलं तर टेकड्यांवर लाल कौलं, पांढऱ्या भिंती, आणि मांडवीवर पडतं तसलंच उतरतीचं ऊन. तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. नवऱ्याला म्हटलं, परत यायचंय, घाईघाईत नाही.

दुसरी खेप २०१७ च्या जूनमध्ये, मुलगी बरोबर. ती गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकलेली, त्यामुळे माझी सोय झाली. अल्फामा म्हणून जुना भाग आहे, १७५५ च्या १ नोव्हेंबरला सकाळी मोठा भूकंप झाला, मग आग, मग समुद्र आत घुसला, सगळा मधला भाग गेला, पण अल्फामा बराचसा वाचला. कार्मूच्या मठाचं छप्पर तेव्हा पडलं ते आजही तसंच उघडं ठेवलंय, नुसत्या कमानी आणि वर आभाळ, जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याखाली उभं राहिल्यावर जसं वाटतं तसंच वाटतं तिथे. तर अल्फामात आम्ही पंधरा दिवस खोली घेतली. घरमालकीण आजीबाई, पंचाहत्तरीच्या. पहिल्या दिवशी हातात किल्ली दिली आणि म्हणाल्या, शाव्ह. मुलगी म्हणाली, आई, चावी. मग खिडकी दाखवली, जनेला. आमच्या घरी आजही कोणी खिडकी म्हणत नाही, जनेलच म्हणतात! पुढे मेज, साबण, बाल्द, तुवाल्या, मी एकेका वस्तूवर बोट ठेवायचे आणि त्या बाई नाव सांगायच्या आणि निम्मी नावं मला आधीच ठाऊक. आपला पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो, तिकडे पाव भाजणारा तो पादैरू. पगार, लिलाव, बटाटा, अननस, नाताळ, हे शब्द आपण इतके आपलेसे केलेत की ते बाहेरून आलेत हे सांगावं लागतं. ज्या आजोबांनी लिस्बन हा शब्द कधी उच्चारला नाही ते रोज सकाळी चावी आणि साबण मागायचेच की.

त्या महिन्यात तिथे संत आंतोनियोचा सण असतो, १२ जूनच्या रात्री गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात आणि तारल्यासारख्या दिसणाऱ्या सार्डिन भाजतात, धूर नुसता. आणि प्रत्येक जनेलात छोट्या कुंडीत एक रोप. बारीक पानांचं, गोल झुडपासारखं, वर कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता टोचलेली. त्याला मांजेरीकू म्हणतात. मी वाकून वास घ्यायला गेले तर आजीबाईंनी हात धरला. नाक लावायचं नाही, रोप कोमेजतं म्हणे. तळवा हलकेच पानांवरून फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा. घेतला. तुळशीच्याच जातकुळीतला वास, जरा गोडसर. मला एकदम आमच्या दारातलं वृंदावन आठवलं आणि डोळे भरून आले, त्या बाईंना कारण कळलं नसेल पण त्यांनी ती कुंडी उचलून आमच्या खोलीत आणून ठेवली.

आणखी एक गोष्ट सांगते, तिथल्या फूटपाथची. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे लहान लहान तुकडे बसवून नक्षी केलेली असते, मोठ्या चौकात तर लाटाच लाटा. आमच्या गल्लीत एक माणूस दुरुस्ती करत होता. बुटक्या स्टुलावर बसलेला, दगड डाव्या तळहातावर घ्यायचा, हातोडीचा एक टोला, फिरवायचा, दुसरा टोला, आणि तुकडा वाळूत असा बसवायचा की पुन्हा हलायला नको. मी दोन सकाळी नुसती बघत बसले. चिरा तासून सरळ करणारी माणसं आपण बघितलीत ना, तीच नजर. नंतर वाचलं की १८४२ मध्ये किल्ल्याजवळ हे काम पहिल्यांदा कैद्यांकडून करून घेतलं होतं.

कैद्यांवरून आलंच. २८ नंबरची पिवळी ट्राम जुन्या कॅथेड्रलवरून वळते, तिथेच अल्जूब आहे, पूर्वीचा राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. आत त्या कोठड्या उभ्या केल्यात, माणूस धड हात पसरू शकणार नाही एवढ्या. मी आत उभी होते आणि बाहेरून ट्रामची घंटा ऐकू येत होती. तिथे मला कळलं की ज्या सालाझारच्या राजवटीने आपल्याकडच्या माणसांना डांबलं, तीच यांच्याही माणसांच्या छातीवर बसली होती, १९२६ पासून १९७४ पर्यंत एकूण ४८ वर्षं हुकूमशाही. आपण १९६१ ला सुटलो, ते आपल्यानंतर १३ वर्षांनी. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठच्या लोकल गाडीने काशियशला गेलो. मोहन रानडे तिथल्या किल्ल्यात कैदेत होते, गोव्यात मराठी शिकवायला आलेला माणूस, १९५५ ला पकडलेला, गोवा मुक्त झाला तरी यांची सुटका नाही, थेट १९६९ ला. स्टेशनवर उतरून लांबूनच हात जोडले. आणि खरं सांगते, त्या दिवसापासून माझ्या मनातली अढी गेली, मी काही विसरले म्हणून नव्हे, उलट सगळं बघून झालं म्हणून.

तिसरी खेप २०२४ ची, मुद्दाम एप्रिल धरून. २५ एप्रिल १९७४ ला तिथे लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, त्याला ५० वर्षं. आज रेडिओवर बोलतेय म्हणून हे सांगायलाच हवं, त्या उठावाचा इशारा रेडिओवरून दिला होता! आदल्या रात्री अकराच्या सुमारास एक गाणं, मग मध्यरात्रीनंतर दुसऱ्या स्टेशनवरून दुसरं, की निघा. सकाळी सेलेस्त काएरू नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या बाईने एका सैनिकाला कार्नेशनचं फूल दिलं आणि बघता बघता बंदुकांच्या नळीत लाल फुलं. त्याच साली ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा हे मान्य केलं.

तर त्या दिवशी आम्ही मोठ्या अव्हेन्यूवर होतो. गर्दी म्हणजे आपल्या शिगम्याला पणजीत असते त्याच्या कितीतरी पट, सगळ्यांच्या हातात लाल फूल, आजोबांच्या खांद्यावर नातवंडं. एक म्हातारी बाई माझ्या बाजूला उभी होती, तिने तिच्या जुडीतलं एक फूल मला दिलं आणि विचारलं कुठच्या. गोवा, म्हटलं. गोव्यात कुठे? मी म्हटलं फोंडा, आणि ती गप्पच झाली. मग मुलीला सांगायला लागली. तिचा मोठा भाऊ १९६१ ला सैनिक म्हणून गोव्यात होता, भारतीय सैन्याने तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक पकडून छावण्यांत ठेवले होते, त्यातला हा फोंड्याच्या छावणीत. मे १९६२ मध्ये परत आला तर शरण का आलात म्हणून स्वतःच्याच सरकारने वाळीत टाकल्यासारखं केलं. तो फारसं बोलायचा नाही. फक्त एका वासाबद्दल सांगायचा, उन्हाळा लागला की कुंपणापलीकडून गोड, आंबूस, डोकं भरून टाकणारा वास यायचा म्हणे, कसला ते मरेपर्यंत त्याला कळलं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये फोंड्याच्या डोंगरात बोंडं तुडवतात, अख्ख्या गावाला तो वास येतो, मी त्यात वाढलेय.

काजू, मी म्हटलं.

मुलगी भाषांतर करायला तोंड उघडणार तेवढ्यात बाईने माझा हात धरला. काझू? काझू, काझू, असं दोनतीनदा स्वतःशीच म्हणाली आणि मग गर्दीतून मला घट्ट जवळ घेतलं.

तिचा पत्ता आणलाय मी. पुढच्या खेपेचे पैसे साठतायत, आणि ह्या वेळी बॅगेत फोंड्याचे भाजलेले काजू असणार आहेत, सालासकट. नमस्कार.