दुसऱ्या फळीचं वर्ष

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे आयर्लंडमधली २०१७ सालची राष्ट्रीय हर्लिंग लीग. हर्लिंगचा सामना पाहिलेले इथे फार कुणी नसतील, म्हणून आधी खेळाबद्दल दोन शब्द सांगतो.

एका संघात पंधरा खेळाडू. हातात ॲशच्या लाकडाची, टोकाला रुंद होत गेलेली काठी. तिला म्हणतात हर्ली. चेंडू लहान, चामड्याचा, त्याचं नाव स्लिटर. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर एक पॉइंट. त्यामुळे धावफलकावर ३-२१ दिसलं की तीन गोल आणि एकवीस पॉइंट, मिळून तीस गुण असा हिशेब करायचा. आणि हे सगळं बिनपगारी. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, खेळाडू सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला, नाहीतर गोठ्यात गाईंकडे हजर असतो.

वर्षात मोठ्या स्पर्धा दोन. उन्हाळ्यात ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिप, जिच्यासाठी लोक जीव टाकतात. त्याआधी, थंडी सरता सरता, चिखलात आणि पावसात खेळली जाणारी लीग. हरलं की म्हणायचं, ‘जाऊ द्या, लीगच तर होती.’ मला हे कधी पटलं नाही, आणि त्याचं कारण म्हणजे २०१७.

त्या वेळी लीगचा पहिला विभाग दोन गटांत वाटलेला होता. वन-ए मध्ये सहा तालेवार संघ: टिपरेरी, किलकेनी, कॉर्क, वॉटरफर्ड, क्लेअर आणि डब्लिन. वन-बी ही दुसरी फळी. तिथे वेक्सफर्ड, गॉलवे, लिमरिक, ऑफली, लीश आणि केरी. आपल्याकडे रणजीत प्लेट गट असायचा, तसाच हा प्रकार. त्या प्लेट गटातून वर येऊन राजस्थाननं २०१०-११ मध्ये थेट रणजी करंडक उचलला होता, हे इथल्या क्रिकेटवाल्यांना आठवत असेलच.

लीगच्या नियमात एक फट होती. उपांत्यपूर्व फेरीत दोन्ही गटांतले पहिले चार-चार संघ समोरासमोर यायचे. म्हणजे खालच्या गटात राहूनही करंडक मिळू शकायचा. वॉटरफर्डनं २०१५ मध्ये आणि क्लेअरनं २०१६ मध्ये तो मिळवलाही. २०१७ मध्ये तर कहर झाला. वेक्सफर्डनं किलकेनीला किलकेनीच्याच मैदानावर हरवलं, गॉलवेनं मोठी पिछाडी भरून काढत वॉटरफर्डला, लिमरिकनं कॉर्कला. चारातल्या तीन लढती खालच्या गटानं मारल्या. वरच्यांची लाज राखली ती टिपरेरीनं, ऑफलीला हरवून.

असं का व्हायचं? माझं मत सांगतो. वन-ए मध्ये साखळीचे सामने जेमतेम पाच, आणि डोक्यावर खाली घसरण्याची टांगती तलवार. तिथला प्रशिक्षक नवख्या पोराला उतरवताना दहादा विचार करणार. खालच्या गटात लीश, केरीसारखे संघ असल्यानं थोडी उसंत मिळायची. पोरं घडवायला जागा होती.

उपांत्य सामन्यातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. टिपरेरी विरुद्ध वेक्सफर्ड, नोलन पार्क. वेक्सफर्डचे प्रशिक्षक डेव्ही फिट्झजेरल्ड, त्यांचं त्या संघाबरोबरचं पहिलंच वर्ष. आपल्याला न्याय मिळाला नाही म्हणून हा गृहस्थ खेळ चालू असताना तणतणत थेट मैदानात घुसला आणि टिपरेरीच्या जेसन फोर्डशी त्याची धक्काबुक्की झाली. आठ आठवड्यांची बंदी आली. वेक्सफर्ड तो सामना हरले. पण त्याच संघानं जूनमध्ये चॅम्पियनशिपमध्येही किलकेनीला हरवलं. लीगमधला विजय योगायोग नव्हता, हे तेव्हा कळलं.

अंतिम सामना २३ एप्रिलला, लिमरिकच्या गेलिक ग्राउंड्सवर. गॉलवेसमोर टिपरेरी, म्हणजे आदल्या वर्षीचे ऑल-आयर्लंड विजेते. निकाल काय? गॉलवे ३-२१, टिपरेरी ०-१४. सोळा गुणांचा फरक! विजेत्यांना असं कुणी धुतल्यावर ‘लीगच तर होती’ कसं म्हणणार?

अर्थात लीगवर सगळी भिस्त ठेवायचीही सोय नाही. हेच दोन संघ ऑगस्टमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंडच्या उपांत्य फेरीत भिडले, तेव्हा सोळाचा फरक एकावर आला. भरपाई वेळ चालू, बरोबरी. गॉलवेच्या जो कॅनिंगला मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ, खांबांपासून लांब चेंडू मिळतो, तो तिथूनच फटका मारतो आणि चेंडू दांडीवरून पार. ०-२२ विरुद्ध १-१८. पुढे ३ सप्टेंबरला वॉटरफर्डला ०-२६ विरुद्ध २-१७ असं हरवून गॉलवेनं १९८८ नंतर पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं. प्रशिक्षक होते मिहॉल डॉनहू.

आता गंमत ऐका. लीगही जिंकली, ऑल-आयर्लंडही जिंकलं, तरी २०१८ मध्ये गॉलवे वन-बी मध्येच! कारण वर जायचा मान गटात पहिल्या येणाऱ्याला, आणि साखळीत पहिले आले होते वेक्सफर्ड. राष्ट्रीय विजेते दुसऱ्या फळीत, ऑफली आणि अँट्रिमबरोबर. त्या गटातून या वेळी वर गेलं लिमरिक, तेही गॉलवेला त्यांच्याच सॉल्टहिलमध्ये हरवून. आणि ऑगस्टमध्ये ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात समोरासमोर कोण? हेच दोघे. लिमरिक ३-१६, गॉलवे २-१८. एका गुणानं लिमरिक जिंकलं, १९७३ नंतर प्रथमच. पुढची काही वर्षं तर हर्लिंगवर त्यांचंच राज्य होतं.

२०२० ते २०२४ या काळात संयोजकांनी ही उतरंड मोडून वन-ए आणि वन-बी हे समान ताकदीचे गट ठेवले होते. बड्या संघांची घसरणीची धास्ती त्यामुळे तेव्हा बरीच कमी झाली. पण तरुण पोरांना मार्च महिन्यात शांतपणे घडवायची ती जागाही त्याबरोबर गेली, आणि मला विचाराल तर त्या सौद्यात नुकसानच जास्त झालं.