ज्याँ झे : बोटीत बसला म्हणून पळपुटा ठरलेला शिक्षणमंत्री

कान फिल्म फेस्टिव्हलचं हे रेड कार्पेट सगळ्यांनी बघितलंय. पण हा फेस्टिव्हल सुरू करायचं ज्यानं मनावर घेतलं तो कुणी सिनेमावाला नव्हता, फ्रान्सचा शिक्षणमंत्री होता, ज्याँ झे. पहिली तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९, आणि नेमकं त्याच दिवशी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं, झालं, सगळं गुंडाळलं.

हे ओर्लेआँ, त्याचं गाव. वडील ज्यू घराण्यातले, पेपरचे संपादक, आई प्रोटेस्टंट, शाळेत बाई. पोरगा वकील झाला, २७ व्या वर्षी खासदार, आणि १९३६ ला पंतप्रधान लेऑं ब्लूमच्या सरकारात ३१ व्या वर्षी थेट शिक्षणखातं. आता हे बाक बघा. सक्तीचं शिक्षण १३ वरून १४ वर्षांपर्यंत नेलं ते यानंच, म्हणजे कामगाराचं पोर कारखान्यात जायच्या आधी आणखी एक वर्ष इथं बसलं. शाळेत राजकीय प्रचार बंद, मग धर्माचाही बंद. साधी परिपत्रकं हो, पण आपल्याकडेही कुणीतरी वाचावीत अशी.

युद्ध लागल्यावर मंत्रिपद सोडून स्वतःहून सैन्यात गेला. जून १९४० ला फ्रान्स कोसळत होता, तेव्हा उत्तर आफ्रिकेतून लढाई चालू ठेवायची म्हणून सरकारनंच खासदारांना ही बोट दिली, मासिलिया. हा बसला, सोबत गरोदर बायको आणि मोठी मुलगी. तेवढ्यात नवा पंतप्रधान मार्शल पेताँनं जर्मनीशी शस्त्रसंधी केली आणि बोटीतले सगळे एका रात्रीत पळपुटे ठरले! ऑगस्टमध्ये मोरोक्कोत राबातला अटक, ऑक्टोबरमध्ये लष्करी कोर्ट, शिक्षा जन्मठेपेची हद्दपारी आणि पदावनती. १८९४ ला द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून दिलेली तीच.

ही रियोमच्या तुरुंगाची भिंत. इथं तो लिहीत राहिला, बायको भेटीला यायची आणि कागद गुपचूप बाहेर न्यायची.

२० जून १९४४. मिलिसचे, म्हणजे पेताँच्या सरकारच्या निमलष्करी दलाचे लोक, फ्रेंचच, दुसऱ्या तुरुंगात न्यायचंय म्हणून कागद दाखवून त्याला घेऊन गेले. मोल गावाजवळची ही दरी. गोळ्या घातल्या, ओळख पटू नये म्हणून कपडे काढले, बोटातली अंगठीसुद्धा, आणि वरून ग्रेनेड टाकून दगड ढासळवले. १९४६ ला शिकाऱ्यांना सांगाडा सापडला, ओळख पटायला १९४८ उजाडलं. शिक्षा १९४५ लाच रद्द झाली होती.

२७ मे २०१५, पॅरिस, पाँतेऑं, फ्रान्स आपल्या थोरांना जिथं ठेवतो ते स्मारक. शवपेटीसमोर त्याच्या दोन्ही मुली. धाकटी, मासिलियावर आईच्या पोटात होती ती.