जिवाणूंची भावकी

दोन रुग्णांकडून एकाच जातीचा जिवाणू मिळाला, तर तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला का? टायपिंग, म्हणजे एकाच जातीतले जिवाणू वेगवेगळे ओळखायचं काम, करणाऱ्यापुढे प्रश्न येतो तो एवढाच. जातीचं नाव कळून भागत नाही, जातीतली भावकी शोधायची असते.

माझा हात बसला तो पीएफजीईवर, म्हणजे पल्स्ड-फील्ड जेलवर. श्वार्ट्झ आणि कॅंटर यांनी १९८४ मध्ये हे तंत्र मांडलं. जिवाणूचा डीएनए इतका लांब, की पिपेटमधून ओढला तरी तुटतो. म्हणून अख्ख्या पेशीच ॲगरोज नावाच्या जेलीच्या चिमुकल्या वडीत थिजवायच्या, वडीतच फोडायच्या आणि मोजक्याच जागी कापणारं एन्झाइमही वडीतच मुरवायचं. मग जेलमध्ये विद्युतक्षेत्राची दिशा रात्रभर बदलत ठेवायची, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. वडी फाटली, की सगळं पहिल्यापासून. ते दुःख भोगलेल्यालाच कळतं!

हाती येतात ते पट्टे, एकेक पट्टा एकेका लांबीच्या तुकड्यांचा. समजा, एका जिवाणूत ६०० किलोबेसचा, म्हणजे डीएनएच्या सहा लाख अक्षरांचा, पट्टा आहे. दुसऱ्यात तो गायब, पण ४०० आणि २०० चे दोन नवे दिसतात. मोजले तर फरक तीन पट्ट्यांचा. घडलंय काय, तर एका अक्षराच्या बदलाने कापायची एक जागा वाढली. पट्ट्यांवरून नातं ठरवणाऱ्या १९९५ च्या टेनोव्हर निकषांत दोन-तीन पट्ट्यांचा फरक निकटच्या नात्यात धरला, तो याच हिशेबाने. उलट, कापायच्या जागा आणि तुकड्यांची लांबी शाबूत ठेवून कितीही अक्षरं बदलू देत, जेलला पत्ता लागत नाही.

एमएलएसटी, म्हणजे मल्टिलोकस सिक्वेन्स टायपिंगची पद्धत, आली १९९८ मध्ये, मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस जिवाणूवर. साधारण सात जनुकांचे सुमारे साडेचारशे-पाचशे अक्षरांचे तुकडे वाचायचे. पट्ट्यांसारखा नजरेचा वाद नाही, निकाल फोनवरूनही सांगता येतो. पण मेनिंगोकॉकसच्या सुमारे बावीस लाख अक्षरांपैकी साडेतीन हजारही वाचून होत नाहीत, आणि ही जनुकं बदलतात सावकाश. पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ हवी तर उत्तम. मागच्या महिन्यातल्या साथीसाठी मी ती वापरणार नाही.

क्षयरोगाच्या स्पोलिगोटायपिंगचंही तेच. डीएनएच्या एका ठरावीक भागातले ४३ स्पेसर, म्हणजे छोटे तुकडे, आहेत की नाहीत, एवढंच पाहायचं. या जिवाणूच्या बीजिंग नावाच्या घराण्यात पहिले ३४ नसतातच, त्यामुळे त्यातले सगळे जवळपास सारखेच दिसतात.

अन्नजन्य साथींवर नजर ठेवणारं अमेरिकेचं पल्सनेट १९९६ मध्ये सुरू झालं ते पीएफजीईवर. २०१९ मध्ये तेही संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचण्याकडे वळलं. योग्यच झालं. तरी जीनोम वाचला म्हणजे वाद मिटला, असं नाही. क्षयाचा जिवाणू ४४ लाख अक्षरांचा, आणि त्यात बदल होतो सरासरी वर्षाला अर्धा. मग दोन रुग्णांच्या जिवाणूंत फरक शून्य निघाला, तर कोणाकडून कोणाला लागण झाली? की दोघांनाही तिसऱ्याकडून? अक्षरं गप्प असतात. तेव्हा रुग्णांच्या घरी जाऊन विचारावं लागतं, खोकला आधी कोणाला सुरू झाला.