पाऊणकी आणि भरतीचं पाणी

(अलिबाग तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यवाह आणि जमलेली सगळी मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘रोजच्या जगण्यातलं आश्चर्य’. कार्यवाहांना मी तीन गोष्टी बोलायच्या कबूल केल्यात: एकाच माणसानं अनेक विषयांत रस का घ्यावा, कसा घ्यावा आणि त्यासाठी वेळ कुठून काढावा. त्या बोलणार आहेच. पण त्याआधी एका म्हणीशी माझं जुनं भांडण आहे, ते इथे मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ ज्याला म्हणून गणित आवडतं, शिवाय पंचांग चाळावंसं वाटतं, पक्षी बघावेसे वाटतात, तबल्याचा ठेकाही धरावासा वाटतो, त्यानं ही म्हण घरात, शाळेत, नोकरीत ऐकलेली असते. या सभागृहातही पुष्कळांनी ऐकली असेल. माझं म्हणणं सरळ आहे. एका विषयाच्या आत राहून माणूस प्रवीण होतो, त्याबद्दल मला आदर आहे. पण आश्चर्य वाटण्याची जागा बहुतेक वेळा दोन विषयांच्या बांधावर असते. आणि तो बांध आपल्या दारातून जातो, त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही.

आता एक विचारतो. घरून निघताना आज तिथी कोणती हे ज्यांनी पाहिलं, त्यांनी हात वर करा. ... चार हात. त्यातले तीन कोळीवाड्यातले आहेत, आणि चौथे आमचे भटजी! (हशा) म्हणजे ज्यांचं पोट तिथीवर आहे त्यांनीच पाहिली. बाकीच्यांनी निदान आजपासून पाहावी, कारण समुद्राचं वेळापत्रक तिच्यात आहे.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. इथल्या ज्येष्ठांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ केले असतील. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. परवचा म्हणताना आपण दिवेलागणीला भरतीचं कोष्टकच म्हणत होतो, आणि कुणी तसं सांगितलं नव्हतं. घड्याळ बारा तासांचं, भरतीच्या दोन फेऱ्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटं, म्हणून तोच आकडा पहाटेलाही चालतो आणि दुपारलाही.

मी हे आठवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना सांगायचो. एकदा मागच्या बाकावर तपासणीला आलेले एक अधिकारी बसले होते. फळ्यावर मी प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत वेळा मांडल्या आणि पोरांना म्हटलं, पडताळा. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, तिला पाऊण वाजतो. रोज पाणी पाऊण तास मागे पडतं, मग त्या एका दिवसात दीड तास कसं मागे पडलं?”

मंडळी, शिक्षकाच्या आयुष्यात असा प्रश्न फार वेळा येत नाही. वर्ग एकदम गप्प झाला. मी खडू ठेवला आणि म्हटलं, आता आपण हेच सोडवू. तेवढ्यात मागून आवाज आला: “हे अभ्यासक्रमात आहे का?” मी म्हटलं, अपूर्णांक आहेत. “पंचांग आहे का? समुद्र भूगोलात येतो. गणिताच्या तासाला गणित घ्या.” शेरेबुकात लिहिलं गेलं, ‘विषयांतर टाळावे.’ मुख्याध्यापकांनी मला बोलावून समजूत घातली, तीही फार प्रेमानं. पण त्या मुलीचा प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला, आणि ती नंतर कित्येक दिवस वर्गात काही विचारेना. याचा राग मला अजून आहे. तो शेरा चुकीचा होता असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. शाळेचे तास विषयांचे असतात, ही सोय आहे. पाण्याला ती सोय ठाऊक नाही.

तो प्रश्न मग शाळा सुटल्यावर सोडवला. आज इथेही सोडवू, मला पाच मिनिटं द्या. तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. भरती मुख्यतः चंद्राच्या मागे असते. म्हणजे एका तिथीत चंद्र बारा अंश पुढे गेला, तर त्याला गाठायला पृथ्वीला बारा अंश जास्त फिरायला हवं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. बारा अंशांना लागतात ४८ मिनिटं. आता ४८ मिनिटं म्हणजे काय, ते भटजींना विचारा. दोन घटका. एक मुहूर्त! दिवसाचे तीस भाग केले की मुहूर्त मिळतो, चांद्रमासाचे तीस भाग केले की तिथी. म्हणून पाणी एका तिथीला बरोबर एक मुहूर्त मागे पडतं. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वहीत तीनदा करून पाहिलं होतं.

पाऊणकी मात्र ४५ मिनिटं धरते. तोंडी हिशेबाला ती सोपी, पण दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात. पंधरा तिथ्यांत ४५ मिनिटांची तूट साचते. पौर्णिमेला खरे बारा वाजायला हवेत, पाऊणकी सव्वाअकरा सांगते, आणि प्रतिपदेला हिशेब नव्यानं सुरू झाला की सगळी तूट एकदम भरून निघते. मुलीनं पकडलेला दीड तास तो हा: रोजचा पाऊण तास आणि हा साचलेला पाऊण तास. हीसुद्धा सरासरी झाली. उधाणाच्या दिवसांत पाणी रोज थोडं मागे पडतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, चंद्र-सूर्याची ओढ काटकोनात असते तेव्हा, तासाहूनही जास्त. आणि हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पाण्याला चांगला बसतो. दक्षिणेकडे पाणी आधी भरतं. मालवणच्या माणसानं हाच आकडा जसाच्या तसा वापरू नये.

मुलगी म्हणाली, “हे आमच्या आजीला सांगते.” दोन दिवसांनी निरोप आला, आजी म्हणते सरांना खडकावर घेऊन ये.

ती बाई कालवं काढणारी. मी गेलो तेव्हा ती आधीच पाण्यात होती, लुगडं वर खोचलेलं, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात. हातात टोकदार लोखंडी हत्यार. वरची शिंप एका टोल्यात उडायची, आतलं मांस हत्याराच्या टोकावर येऊन डब्यातल्या पाण्यात पडायचं, आणि खालची शिंप खडकाला चिकटून पांढरी चकाकत राहायची. बोलताना तिचा हात थांबत नव्हता. मी विचारलं, किती वेळ मिळतो? म्हणाली, “आज पंचम. पावनेचारला पानी भरंल. आता धा वाजलं, आता पार सुकलंय. बाराच्या आत निघाचं.” मी तिला पौर्णिमेची अडचण सांगितली. तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. “पुनवेला न् अवसंला हिशेब कराचाच नसतो. तवा बारा. ते ठरल्यालं हाय.”

मला जी दुरुस्ती काढायला अंश, घटका आणि आकृती लागली, ती तिच्याकडे अपवाद म्हणून तोंडपाठ होती. हाच हिशेब करायला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८७२ साली पितळी चाकांचं आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. चंद्राचं एक चाक, सूर्याचं एक, त्यांच्या कक्षांच्या वाकडेतिकडेपणाची आणखी काही; सगळ्यांवरून एकच तार, आणि तारेच्या टोकाला लेखणी. वर्षभराची भरती कागदावर उतरायची. १८७९ साली तसंच यंत्र खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी इंग्लंडात बांधलं. मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याची उंची १८७८पासून नोंदली जाते. ती चाकं आणि ही पाऊणकी एकाच चंद्राचा हिशेब करतात. अधिकाऱ्यांना त्या दिवशी मला हे सांगायचं होतं...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरलीत. म्हणजे कबूल केलेल्या तीन गोष्टी आता भराभर.

का घ्यावा रस? आपल्या कोकणापुरतंच बघा. केरूनाना छत्रे नागावचे, जन्म १८२५. तरुणपणी मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलं, पुढे वेधांशी जुळणाऱ्या पंचांगासाठी झटले आणि डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवलं. शंकर बाळकृष्ण दीक्षित मुरूडचे, आपल्या जंजिऱ्याच्या नव्हे, दापोलीजवळच्या. शाळामास्तरकी करता करता भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिला. या माणसांना कुणी चिंध्या म्हटलं का? आणि आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा. रोज तिच्यावरून जाता, ती इथे का आहे? मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या, त्यांच्या प्रवाहानं कुलाब्याचे चुंबकसुयांचे वेध बिघडणार होते, म्हणून १९०४ साली ती इथे आली. आपला काळा दगडही सुयांना ओढतो, त्यामुळे भिंतींना पोरबंदरचा दगड आणला. ट्राम, भूगर्भ आणि होकायंत्र एका भिंतीत! खाली रत्नागिरीच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेले हत्ती आणि गेंडे आहेत, गेंडा आज कोकणात नाही. तिथे पुरातत्त्व आणि प्राणिशास्त्र दोघांनाही एकाच खडकावर बसावं लागतं. वेळासला कासवाची अंडी वाळूत असतात, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. हवामानाचा अभ्यास करणाऱ्यानं वेळासला का जायचं, हे वेगळं सांगायला नको.

कसा घ्यावा? रोजची एकच वस्तू धरा, पण प्रश्न वेगवेगळ्या धंद्यांच्या माणसांना विचारा. मीठ असेल तर आगरातल्या माणसाला, डॉक्टरला आणि लोणचं घालणाऱ्या मावशींना. आणि उत्तर मिळालं की मोजून बघा, निदान एकदा. मोजल्याशिवाय कुठे चुकतंय ते कळत नाही, आणि खरी गंमत चुकणाऱ्या जागेत असते, जशी त्या पौर्णिमेच्या दीड तासात होती.

वेळ कुठून काढावा? ज्या वेळी तुम्ही तसेही बसलेले असता, एसटीच्या थांब्यावर, रेवसच्या धक्क्यावर, तो वापरा. आजीनं वेगळा वेळ काढला नव्हता. याहून जास्त मला इथे बोलता येत नाही, घड्याळ दिसतंय.

एक सूचना तेवढी देतो. उद्या तृतीया. सव्वादोनला भरती, म्हणजे साडेआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. उधाणाचे दिवस आहेत, पाणी लांब जाईल. मी साडेसातला अलिबागच्या किनाऱ्यावर असेन, कुलाबा किल्ल्याकडे चालत जायचंय. ज्यांना यायचंय त्यांनी घड्याळ आणि वही आणावी. पाणी खरंच कधी फिरतं ते तिथेच टिपून पाऊणकीशी ताडून बघू. मुलांना आणा. साडेनऊला आपण किनाऱ्याकडे परत निघालेले असू, मागे कुणी रेंगाळायचं नाही. आणि अनवाणी येऊ नका, वाटेतल्या खडकांवर कालवं आहेत.