अकरा बाहुल्या, पण चेहरा एकही नाही

नमस्कार, श्रोतेहो.

२९ फेब्रुवारी २००४. लीप वर्षातला तो जादाचा दिवस. त्या रात्री लॉस एंजेलिसला ऑस्कर सोहळा झाला, आणि न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीतल्या तिसऱ्या भागानं, ‘द रिटर्न ऑफ द किंग’नं, अकरा नामांकनांपैकी अकराही पुरस्कार, म्हणजे त्या सोनेरी बाहुल्या, उचलले. दिग्दर्शन, संकलन, संगीत, गाणं, वेशभूषा, रंगभूषा, कलादिग्दर्शन, एकही हातचा गेला नाही. आता गंमत ऐका. या अकरांत अभिनयाचा एकही नव्हता. हुकला असंही नाही, मुळात नामांकनच नव्हतं. तिन्ही भागांत मिळून अभिनयासाठी एकच नामांकन: पहिल्या भागात गँडाल्फ हा जादूगार झालेले इयन मॅकेलन. आणि ते मात्र हुकलं. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेनं त्या वर्षी या सिनेमाच्या सगळ्या नटसंचाला मिळून पुरस्कार दिला, एवढंच काय ते समाधान. नटाची किंमत नटालाच!

मला ही गोष्ट इतकी वर्षं खटकत आली आहे. या सिनेमाचं नाव काढलं की लोक डोंगर सांगतात, किल्ले सांगतात, दहा-दहा हजारांच्या फौजा सांगतात. ते सगळं आहेच, आणि देखणंही आहे. पण माझं म्हणणं असं, की ते देखणेपण ज्या खुंटीवर टांगलंय ती खुंटी म्हणजे माणसांचे चेहरे.

हे मला कळलं ते माझ्या आत्यामुळे. आत्याला इंग्रजी येत नाही, आणि पडद्याखालची अक्षरं वाचायची म्हटली तर चष्मा शोधेपर्यंत वाक्य पुढे गेलेलं. तरी सुट्टीत तिनं माझ्याबरोबर हे तिन्ही भाग पाहिले, घरच्या टीव्हीवर, मांडीवर मटारांची परात घेऊन. नावं तिनं लक्षात ठेवली नाहीत. गँडाल्फ तो ‘म्हातारा’, ॲरागॉर्न तो ‘केसाळ’, फ्रोडो ‘ते डोळेवालं पोरगं’. कथा तिला मी अर्ध्या मिनिटात सांगितली होती. एक अंगठी आहे, ती ज्याच्याकडे जाते त्याची बुद्धी फिरते, म्हणून ती ज्वालामुखीत टाकायला हे निघालेत. बाकीचं तिनं तोंडं बघून ओळखलं.

पहिल्या भागात बर्फाच्या डोंगरावरचा एक प्रसंग आहे. अंगठी सांभाळणारा फ्रोडो घसरून पडतो, गळ्यातली साखळी निसटते आणि अंगठी बर्फावर पडते. ती उचलतो त्यांच्याच टोळीतला बोरोमीर, म्हणजे शॉन बीन. साखळीला धरून डोळ्यांसमोर लोंबकळवतो. भोवती हिमशिखरं, वर निळं आभाळ, इतकं सुंदर दृश्य की दुसऱ्या कुठल्याही सिनेमात कॅमेरा तिथेच रमला असता. इथे तो बीनच्या तोंडाकडे जातो. त्या तोंडावर लालसा नाही. नवल आहे: एवढीशी ही वस्तू आणि तिच्यापायी एवढा उत्पात? तिकडे ॲरागॉर्नचा हात तलवारीच्या मुठीवर गेलेला. मग बोरोमीर हसतो, अंगठी परत देतो आणि फ्रोडोचे केस विस्कटतो, थोरल्या भावानं विस्कटावेत तसे. आत्या मटार सोलता सोलता म्हणाली, “हा घात करणार बघ. पण वाईट नाही रे हा.”

पुढचं सगळं त्या एका वाक्यात आलं. बोरोमीर खरंच घात करायला धजतो, आणि मग दोन छोट्या हॉबिटना, म्हणजे फ्रोडोच्याच बुटक्या जमातीतल्या दोघांना, वाचवताना अंगावर बाण झेलतो. बाण लागतो, तो गुडघ्यावर येतो, एक श्वास घेतो, पुन्हा उठतो. पुन्हा बाण. बीन इथे वीरासारखा लढत नाही. कर्ज फेडणाऱ्या माणसासारखा लढतो. तो गेल्यावर ॲरागॉर्न झालेला व्हिगो मॉर्टेन्सन त्याच्या मनगटांवरची चामडी कवचं काढून स्वतःच्या हातांना बांधतो. एक शब्दही नाही. आणि पुढच्या भागांत ती त्याच्या हातांवर दिसत राहतात. तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा हातांकडे बघा.

हा मॉर्टेन्सन चित्रीकरण सुरू झाल्यावर आला, आधी ठरलेल्या नटाच्या जागी. आणि शॉन बीनला हेलिकॉप्टरची धास्ती, म्हणून हा गृहस्थ बोरोमीरचा सगळा पोशाख अंगावर चढवून डोंगर पायी चढायचा. त्या डोंगरावर बोरोमीर दमलेला दिसतो, तो उगाच नाही.

आता थोडं दृश्यांच्या कारागिरीबद्दल. ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात न्यूझीलंडमध्ये तिन्ही भाग एकत्रच चित्रित झाले, २७४ दिवस. हॉबिटांचं गाव माटामाटाजवळच्या एका मेंढ्यांच्या कुरणावर वसवलं. न्यूझीलंडच्या लष्करानं रस्ते आणि जमीन करून दिली. फुलझाडं, भाज्या चित्रीकरणाच्या वर्षभर आधीच लावून ठेवल्या, म्हणजे गाव कालचं वाटू नये. सैनिकांची चिलखतं? प्लास्टिकच्या नळ्या कापून त्यांच्या लाखो कड्या, आणि त्या हातानं एकेक करून गुंफलेल्या. संगणक होताच, पण त्याच्या आधी हात होते.

हॉबिट माणसाच्या कमरेएवढे. ते दाखवण्यासाठी पुष्कळदा वापरली ती कॅमेऱ्याची जुनीच युक्ती: एक नट जवळ बसवायचा, दुसरा लांब, आणि भिंगातून दोघं शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. सुरुवातीला गँडाल्फ आणि फ्रोडो घोडागाडीतून येतात ना, तिथे एलायजा वुड मॅकेलन यांच्या शेजारी बसलेलाच नाही, बराच मागे बसलाय. म्हणजे दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. दोघंही हवेत बघतायत! एक साठीचा, शेक्सपिअर कोळून प्यालेला नट आणि एक अठरा वर्षांचा पोरगा, रिकाम्या जागेकडे बघून हसतायत, आणि आपल्याला दिसतं ते वर्षानुवर्षांचं प्रेम. युक्तीला बक्षीस मिळालं. बघण्याला नाही.

छायालेखक होते अँड्र्यू लेस्नी. पहिल्या भागासाठी त्यांना ऑस्कर मिळालं आणि ते रास्तच होतं. हॉबिटांच्या गावात लोण्यासारखं पिवळं ऊन, एल्फ नावाच्या अमर जमातीच्या दरीत कायमची पानगळ, आणि गॅलाड्रिएल राणीच्या वनात निळसर चांदणं. केट ब्लँचेटच्या डोळ्यांत तारे चमकताना दिसतात तिथे, ते कसे आले माहीत आहे? नाताळात लावतात त्या बारीक दिव्यांची जुडी कॅमेऱ्याजवळ धरली, तिचं प्रतिबिंब तिच्या बुबुळांत पडलं. आपल्या दिवाळीतल्या माळांसारखीच चीज. पण ते दिवे पेलायला ती नजरही तशीच हवी. नाहीतर नुसती रोषणाई.

खरं तर ही गोष्ट आपल्याकडे फार आधी कुणाला तरी ठाऊक होती. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ आठवा. करामतींचा एवढा मोठा उस्ताद, पण चित्रपट सुरू कसा होतो? त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते. नागाशी झुंज नंतर. आधी चेहरा.

दुसऱ्या भागातल्या गॉलमबद्दल बोलायलाच हवं. संगणकावर घडवलेलं ते हडकुळं ध्यान, पण आत अँडी सर्किस नावाचा नट रांगतोय, उड्या मारतोय, थंडगार ओढ्यात पडतोय. त्याला घेतलं होतं आवाजासाठी. तो घशातला खाकरा त्याला मांजर केसांचा गोळा ओकताना सुचला म्हणे. एका रात्री गॉलम स्वतःशीच भांडतो: एक गॉलम दुष्ट, एक बिचारा, आणि अंग एकच. खांदा वळतो, डोळा बारीक होतो, आणि माणूस बदलतो. आत्यानं परात खाली ठेवली. “दोघं आहेत होय त्याच्यात?” तिला संगणक वगैरे काही सांगायची गरज पडली नाही. मीही सांगितलं नाही.

आणि क्रिकेटवाल्या श्रोत्यांसाठी एक. याच भागातल्या हेल्म्स डीपच्या लढाईत किल्ल्याखाली राक्षसी फौज गर्जते. ती गर्जना २००२च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनच्या मैदानावर मुद्रित केली. न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड एकदिवसीय सामना, मधली सुट्टी, आणि जॅक्सन स्वतः मैदानात उतरून सुमारे २५ हजार प्रेक्षकांकडून राक्षसांच्या भाषेत आरोळ्या ठोकून घेतायत. शब्द मोठ्या पडद्यावर लिहिलेले. एवढ्या लोकांनी इमानेइतबारे छाती बडवून दिली!

सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. तिसऱ्या भागातली ती हिरवी भुतांची फौज मला आजही धुण्याच्या पावडरचा फेस वाटते. येते, सगळं साफ करते, जाते. शेवटही किती वेळा होतो! पडदा काळा झाला की आम्ही उठायचो, आणि पुन्हा बसायचो.

पण त्याच भागात दोन जागा अशा आहेत, की त्यांच्यासाठी बाकी सगळं माफ. पहिली, डोंगरमाथ्यांवरच्या मशालींची. एका राज्यानं दुसऱ्याला हाक मारायची, म्हणून शिखरामागून शिखर पेटत जातं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे खरे डोंगर, हेलिकॉप्टरमधून टिपलेले, वर हॉवर्ड शोअर यांचं चढत जाणारं संगीत. अंगावर काटा येतो. पण बघा, तो शेवटचा जाळ दिसतो कुणाला? पायरीवर बसलेल्या मॉर्टेन्सनला. तो धावत सुटतो, आणि तेव्हा आपल्याला उमगतं की आग नव्हे, उत्तर महत्त्वाचं.

दुसरी जागा तुम्हाला रेडिओवरून सांगायला सोपी, कारण तिच्यात गाणं आहे. डेनेथॉर हा बोरोमीरचा बाप. थोरला गेला, आणि धाकट्या फॅरामिरला त्यानं मरायलाच धाडलंय. तो एकटा जेवायला बसलाय आणि पिपिन नावाच्या छोट्या हॉबिटला सांगतो, गा. बिली बॉइड गातो. शब्द मूळ कादंबरीकार टोल्किन यांचे, चाल बॉइडची स्वतःची. साथीला वाद्य नाही, उघडा आवाज. तिकडे घोडेस्वार मृत्यूकडे दौडतायत, इकडे जॉन नोबल मांस फाडतोय, टोमॅटो चावतोय, लाल रस हनुवटीवरून ओघळतोय. लढाई दिसतच नाही. दौड, गाणं आणि ते चावणं, बस.

आम्ही त्या रात्री टीव्हीसमोरच जेवत होतो. आत्यानं ताट बाजूला सारलं.

“बंद कर रे ते,” ती म्हणाली. मी रिमोट उचलला.

“थांब. त्या पोराचं गाणं होऊ दे.”