रॉकपोर्टचे फरार, मुक्काम लातूर

(दृश्य: गंजगोलाई, सकाळची वेळ. रिक्षा, हातगाड्या, शटर उघडणारी दुकानं.)

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. व्यापाऱ्याला इथं बाजारपेठ दिसते, नवख्या माणसाला चकवा लागतो. पण २००५-०६च्या सुमारास ज्यांना नुकतंच मिसरूड फुटत होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच पोरांना इथं उभं राहिल्यावर भलताच प्रश्न पडायचा. मागं पोलिसांच्या चार गाड्या लागल्या असतील, तर यातला कुठला रस्ता धरायचा?

त्या पोरांपैकी मी एक. आणि हा प्रश्न आमच्या डोक्यात घालणाऱ्या गेमचं नाव ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड’.

(दृश्य: गेमचा स्क्रीन. पिवळसर उजेड, ओला रस्ता, चंदेरी-निळी बीएमडब्ल्यू.)

‘नीड फॉर स्पीड’ ही मालिका १९९४ पासूनची. ‘मोस्ट वॉन्टेड’ आला नोव्हेंबर २००५ मध्ये. बनवला कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या ईए ब्लॅक बॉक्स या स्टुडिओनं. त्याआधीच्या दोन ‘अंडरग्राउंड’ गेममध्ये कायम रात्र असायची. निऑनचे दिवे, चकचकीत स्टिकर, गाडीखाली निळा उजेड. ‘मोस्ट वॉन्टेड’मध्ये रात्र होतच नाही. रॉकपोर्ट नावाचं काल्पनिक शहर, पानगळीचा मोसम, आणि सगळ्यावर एक धुरकट पिवळी झाक. बाहेरच्या लोकांना ती झाक विचित्र वाटली असेल, आम्हाला नाही. एप्रिलात दुपारी तीन वाजता औसा रोडवर उभं राहा, हुबेहूब तोच रंग दिसतो.

गोष्ट साधी आहे, हिंदी सिनेमाला शोभेल अशी. तुम्ही शहरात नवीन. तुमच्याकडे बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर. रेझर नावाचा एक उर्मट माणूस शर्यत लावतो आणि आधीच तुमच्या गाडीत खोट करून ठेवतो. ऐन शर्यतीत गाडी बंद पडते, गाडी रेझरच्या घशात, आणि तुम्ही सार्जंट क्रॉसच्या ताब्यात. पुरावा नाही म्हणून सुटता. बाहेर येता तेव्हा तुमच्याच गाडीच्या जोरावर रेझर ‘ब्लॅकलिस्ट’च्या पहिल्या नंबरावर जाऊन बसलेला असतो. यादीत पंधरा जण. तळापासून एकेकाला हरवत वर जायचं. पंधराव्या नंबरावर सनी, फोक्सवॅगन गोल्फवाला. सातव्यावर काझे, सहाव्यावर मिंग, लॅम्बोर्गिनी गॅलार्डो घेऊन. दुसऱ्यावर बुल, मर्सिडीज एसएलआर मॅक्लॅरन घेऊन.

ही नावं आम्हाला आवर्त सारणीच्या आधी पाठ झाली.

(दृश्य: ट्युशन एरिया. सायकली, दप्तरं, भिंतीभर टॉपरचे फोटो.)

हे घडत होतं कुठं, तर लातूर पॅटर्नच्या लातुरात. मराठवाड्यातल्या गावागावांतून पोरं इथं शिकायला येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. सकाळी फिजिक्स, दुपारी कॉलेज, संध्याकाळी बायो. या सगळ्याच्या मधे जो तास-दीड तास उरायचा, किंवा खरं सांगायचं तर उरवला जायचा, तो सायबर कॅफेत जायचा.

कॅफे म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. प्लायवूडची खोपटी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, वर पंखा. दारात बूट-चपला काढायच्या, रजिस्टरवर सही करायची. आमच्या कॅफेवाल्या काकांनी बोर्ड लावला होता, ‘येथे गेम खेळू नये’, आणि त्या बोर्डाखालच्याच मशीनवर सगळ्यात जास्त गेम होते. डिस्क कुठून आली हे काकांना कुणी विचारलं नाही.

(दृश्य: जुना कीबोर्ड, अगदी जवळून.)

त्या मशीनचा कीबोर्ड बघायला हवा होता तुम्ही. सगळी अक्षरं शाबूत. फक्त वरच्या बाणाची खूण पार घासून गेलेली, स्पेसबार डावीकडून कललेला, आणि एक्सच्या जागी नुसता गुळगुळीत काळा चौकोन. वरचा बाण म्हणजे ॲक्सिलरेटर. स्पेसबार हँडब्रेक. एक्स म्हणजे स्पीडब्रेकर, आणि हा आपल्या रस्त्यावरचा नव्हे. एक्स दाबला की सगळं जग मंदावायचं. गाडी हवेत तिरकी, काचा उडतायत, आणि तुमच्याकडे वळण घ्यायला चिक्कार वेळ. त्या कीबोर्डवर कुणी टाइपिंग केलं असेल असं मला वाटत नाही.

गेम चालायला किमान २५६ एमबी रॅम लागायची. कॅफेतल्या मशीन जेमतेम तेवढ्याच. म्हणून सगळ्या सेटिंग तळाला ओढून ठेवलेल्या. आमच्या रॉकपोर्टच्या रस्त्यावर कधी आभाळ दिसलं नाही, गाडीच्या बॉनेटवर झाडं सरकली नाहीत. पुढं पुण्यात एका मित्राच्या चांगल्या मशीनवर तोच रस्ता पाहिला, तर वाटलं, हे कुठलं शहर?

(दृश्य: गेममधला पाठलाग. वर हेलिकॉप्टर.)

आता मुद्द्याचं. माझं मत असं आहे की ‘मोस्ट वॉन्टेड’ला शर्यतीचा गेम म्हणणंच चूक. शर्यती आहेत, भरपूर आहेत. सर्किट, स्प्रिंट, ड्रॅग, टोलबूथ, स्पीडट्रॅप. पण त्यात एक वात आणणारी गोष्ट आहे. तुम्ही कितीही सफाईनं चालवा, मागचा गडी शेवटच्या वळणाला तुमच्या बंपरला चिकटलेला असतोच, कारण मागं पडलेल्याला वेग वाढवून द्यायची सोय गेमनंच केलीय. म्हणजे चुरस टिकते म्हणे. टिकते खरी, पण कळून चुकलं की चिडचिड होते.

खरी मजा पळून जाण्यात. ब्लॅकलिस्टवरच्या माणसाला आव्हान द्यायचं तर नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही. पोलिसांच्या लेखी तुमच्या डोक्यावर ठरावीक बक्षीस जमावं लागतं. त्याला म्हणायचं बाउंटी. ती वाढते पोलिसांच्या गाड्या ठोकून, नाकाबंदी फोडून, पाठलाग लांबवून. जितका जास्त त्रास द्याल तितकी ‘हीट’, म्हणजे पाठलागाची पातळी, चढते. एकला साध्या गस्तीच्या गाड्या. तीनच्या पुढं रस्त्यात खिळ्यांच्या पट्ट्या, समोरून अंगावर येणाऱ्या जाडजूड एसयूव्ही, डोक्यावर हेलिकॉप्टर. पाचला खुद्द क्रॉस, कॉर्व्हेट घेऊन.

आणि रेडिओ! या गेमचा अर्धा जीव पोलिसांच्या वायरलेसमध्ये आहे. कंट्रोल रूम तुमच्या गाडीचं वर्णन करते, तुम्ही कुठल्या रस्त्यानं चाललात ते सांगते, पुढं नाकाबंदी लावायची परवानगी मागितली जाते. आम्ही मराठी मीडियमची पोरं. इंग्रजीच्या पेपरात रिपोर्टेड स्पीच चुकायचं, पण ‘स्पाइक स्ट्रिप’, म्हणजे त्याच खिळ्यांच्या पट्ट्या, एवढं कानावर पडलं की हात आपोआप वळायचा. इंग्रजी ऐकून लगेच काहीतरी करायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा तिथं आली.

रॉकपोर्टमध्ये जागोजागी पाठलाग मोडायच्या जागा आहेत. नकाशावर लाल त्रिकोण. पेट्रोल पंपाच्या खांबाला धडक दिली की छत मागच्या गाड्यांवर कोसळतं. पाण्याची टाकी पडते. डोनटच्या दुकानावरचा भलामोठा डोनट गडगडत रस्त्यावर येतो. आम्ही या कल्पनेवर तासन्‌तास चर्चा केली आहे. लातुरात असं काही असतं तर कुठं असतं? एकमतानं ठरलं होतं, गळीत हंगामात उसाची डबल ट्रॉली. तिला पाडायचीही गरज नाही, नुसती आडवी लागली की निम्मं खातं पलीकडे अडकतं.

(दृश्य: मिनी-मॅप. निळी पट्टी हळूहळू भरते.)

मग येतो कूलडाऊन. पोलिसांच्या नजरेतून तुम्ही निसटलात, पण सुटलेला नाहीत. खाली एक पट्टी भरत जाते. ती भरेपर्यंत कुणी पाहिलं नाही तर तुम्ही मोकळे. नकाशावर लपायच्या जागा दिसतात, तिथं गाडी थांबवली की पट्टी भराभर भरते. म्हणजे इतका वेळ बोट न काढता दाबलेला बाण सोडून द्यायचा आणि गप बसायचं. शेजारच्या खोपटातला पोरगासुद्धा मान वळवून तुमचा स्क्रीन बघायला लागायचा. सायरन जवळ येतोय, भिंतीपलीकडून जातोय. वेगाच्या गेममधला सगळ्यात थरारक क्षण गाडी उभी असताना येतो, ही ब्लॅक बॉक्सवाल्यांची कमाल.

आणि नेमकी तेव्हा लाइट जायची.

भारनियमनाचे दिवस होते. दिवसातले कित्येक तास वीज नसायची. यूपीएस टुकटुक ओरडायला लागायचा, काका आतून ओरडायचे, “सेव्ह करा रे, सेव्ह करा!” पण चालू पाठलागात सेव्ह होत नाही. लाखोंची बाउंटी, फोडलेल्या नाकाबंद्या, सगळं एका क्षणात पाण्यात. क्रॉसला जे जमलं नाही ते वीज मंडळाच्या वेळापत्रकानं कितीदा केलं, त्याची गणती नाही.

दुसरी कटकट सेव्ह फाइलची. तुमची सगळी कमाई त्या एकाच मशीनच्या ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये. सहा नंबर मशीनवर तुमचं प्रोफाइल असेल तर सहा नंबरच पाहिजे. तिथं कुणी रेल्वे भरतीचा फॉर्म भरत बसलं असेल तर त्याच्या मागं उभं राहायचं आणि सुस्कारे टाकायचे. कुणी तुमच्या प्रोफाइलवर खेळून गाडी जप्त करून घेतली तर भांडणं ठरलेली. “माझ्या सुप्राला हात कुणी लावला बे?” हे वाक्य लातुरात, जिथं खरी सुप्रा कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, अत्यंत गंभीरपणे उच्चारलं जायचं.

(दृश्य: एम३ जीटीआर, बाजूनं. इंजिनाचा आवाज.)

त्या बीएमडब्ल्यूबद्दल बोलायलाच हवं. ती गेमवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही. एम३ जीटीआर ही खरी रेसिंग कार. साध्या एम३ला सहा सिलिंडरचं इंजिन होतं. हिच्यात चार लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि २००१ मध्ये अमेरिकन ल मॅन्स सीरिजमध्ये हिनं जीटी गटाचं विजेतेपद घेतलं. पुढं २००४ आणि २००५, सलग दोन वर्षं न्यूरबर्गरिंगची चोवीस तासांची शर्यतही जिंकली. गेममध्ये गिअर पडताना जो किंचाळल्यासारखा आवाज येतो, तो रेसिंगच्या गिअरबॉक्सचा. अजूनही कुणाच्या रिंगटोनला तो आवाज वाजला, तर एसटी स्टँडवर दोन-तीन तिशी-पस्तिशीची माणसं एकदम मागं बघतात. पोट सुटलेलं, हातात डबा, पण नजर बरोबर ओळखीची.

२०१२ मध्ये याच नावाचा नवीन गेम क्रायटेरियन या स्टुडिओनं काढला. शहर फेअरहेवन, चित्र कितीतरी सुंदर, गाड्या रस्त्यात उभ्याच, जाऊन बसायचं. चांगला आहे. पण त्यात रेझर नाही, आणि ज्यानं तुमची गाडी लुबाडली असा कुणीच नाही. वैर नसेल तर पोरगं रात्री जागून कशाला खेळेल?

(दृश्य: आजचं घर. लॅपटॉप, शेजारी चहाचा कप.)

कॅफे गेले. मोबाइल आले, पबजी आलं, जिन्याखालच्या त्या खोलीत आता झेरॉक्स आणि आधारची कामं होतात. २००५चा ‘मोस्ट वॉन्टेड’ ऑनलाइन दुकानात अधिकृत विकत मिळत नाही. ज्यांच्याकडे जुनी डिस्क आहे ते ती जपून आहेत. चौकोनी मॉनिटरसाठी केलेलं चित्र आजच्या रुंद स्क्रीनवर नीट बसवायला चाहत्यांनीच छोटे पॅच लिहिलेत. ते टाकून मी तो माझ्या लॅपटॉपवर चालू केला आणि उदगीरहून सुट्टीला आलेल्या भाच्यापुढं ठेवला. वय वर्षं अकरा.

पहिल्या पाठलागात त्यानं सरळ हायवे धरला. सगळे नवशिके धरतात. हायवेवर वेग मिळतो, पण लपायला जागा नाही. दोन मिनिटांत चारही बाजूंनी घेरला गेला.

“मामा, हे आपल्या मागं का लागलेत? आपण काय केलंय?”

“आत्ता त्यांच्या तीन गाड्या उलथवल्यास की रे.”

“पण आधी तेच मागं लागले होते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्रॉसकडेही नसावं. मी त्याला गल्लीतून कसं निघायचं ते दाखवायला कीबोर्ड ओढला, तर त्यानं तो परत ओढून घेतला.

“तुम्ही नका सांगू. कुठून जायचं ते बघतो मी.”