समोर कोण बसले आहे?

आपण पाहतो आहोत ती खोली पन्नास-साठ खुर्च्यांची आहे. पुढे हातभर उंचीचा रंगमंच, त्यावर एक माइक, एक उंच स्टूल आणि पाण्याची बाटली. दारापाशी प्रत्येक प्रेक्षकाचा मोबाइल कापडी पाकिटात घालून त्याचे कुलूप लावले जाते आणि पाकीट त्याच्याच हाती परत दिले जाते. कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडताना एका चुंबकीय यंत्रावर टेकवले की ते उघडते. गेल्या दहाएक वर्षांत अनेक नामवंत विनोदी कलाकारांनी ही पद्धत स्वीकारली आहे. आपला कार्यक्रम फुकटात पसरू नये ही काळजी त्यामागे आहेच, पण अर्धाकच्चा विनोद खोलीबाहेर जाऊ नये ही काळजी त्याहून मोठी आहे.

स्टँड-अपचा, म्हणजे माइकपुढे एकट्याने उभे राहून सांगायचा, विनोद टेबलापाशी बसून पुरता घडत नाही. लिहिलेली ओळ प्रेक्षकांसमोर म्हणून पाहावी लागते, मग त्यातला एखादा शब्द गळतो, कलाटणी वाक्याच्या अगदी शेवटी सरकते, मधला थांबा किंचित लांबतो. तासाभराचा कार्यक्रम अशा छोट्या खोल्यांत कित्येक महिने घासूनपुसून तयार होतो. या काळात कलाकार पुष्कळदा चुकतो, कधी कोणाच्या जिव्हारी लागेल असे बोलून जातो, आणि समोरची शांतता त्याला ते तिथल्या तिथे सांगते. तीस सेकंदांची चित्रफीत बाहेर गेली की हा व्यवहारच मोडतो. आधीची दहा मिनिटे, आवाजातला सूर, प्रेक्षकांशी जमलेली ओळख, यांतले काहीच तिच्याबरोबर जात नाही. संदर्भ सोडून उचलले, ही कलाकारांची तक्रार म्हणूनच खरी आहे. मात्र तिच्या आडून प्रत्येक विनोदाचा बचाव करता येत नाही, कारण काही विनोद पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले तरी तितकेच लागतात.

पूर्वीचे लोक इतके हळवे नव्हते, असे आज वारंवार म्हटले जाते. इतिहास या म्हणण्याला दुजोरा देत नाही. ब्रिटनमध्ये १७३७ च्या कायद्यानुसार नाटकांच्या संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून आधी मंजूर करून घ्याव्या लागत, आणि ही अट १९६८ पर्यंत टिकली. अमेरिकेत लेनी ब्रूस या कलाकाराला अश्लील बोलल्याबद्दल १९६१ पासून पुन्हा पुन्हा अटक झाली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, अपील प्रलंबित असतानाच १९६६ मध्ये तो वारला, आणि राज्यपालांनी त्याला माफी दिली ती २००३ मध्ये. त्या काळी दुखावल्या जात होत्या त्या धर्माच्या, राजसत्तेच्या आणि सभ्यतेच्या भावना. आता दुसरी बाजू पाहा. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करायची, असा ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ हा कार्यक्रम बीबीसीने १९५८ पासून १९७८ पर्यंत चालवला. १९६७ मध्ये त्याविरुद्ध निवेदन दिले गेले होते, म्हणजे लोक दुखावत होते आणि तसे सांगतही होते, तरीही कार्यक्रम आणखी अकरा वर्षे सुरू राहिला. माझ्या मते आज बदलले आहे ते हेच की, ज्यांच्या तक्रारीला पूर्वी कोणी विचारत नव्हते त्यांचे म्हणणे आता ऐकू येते.

दुसऱ्याच्या वैगुण्यावर हसणे माणसाला नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणे सांगताना चमत्कारिक वेष, असंबद्ध बडबड यांच्याबरोबर शरीरातले व्यंग दिसणे हेही नोंदलेले आहे. पण अशा हसण्याने नेमके काय घडते, याविषयी आज आपल्याला थोडे अधिक ठाऊक आहे. थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, स्त्रियांविषयी मुळातच आकस असलेल्या पुरुषांनी स्त्रियांची टवाळी करणारे विनोद वाचल्यावर महिला संघटनेला देणगी देण्याची तयारी कमी दाखवली. तशीच मते विनोदाविना, साध्या विधानांच्या रूपात वाचली तेव्हा हा परिणाम दिसला नाही. विनोद आकस नव्याने पेरत नसेल, पण जो आहे त्याला मोकळीक देतो, असा याचा अर्थ आहे आणि तो मला गंभीर वाटतो.

डेव्ह चॅपेल या कृष्णवर्णीय कलाकाराला हे अनुभवाने कळले होते. २००५ मध्ये त्याने आपला तुफान लोकप्रिय कार्यक्रम अर्ध्यावर सोडला. वंशभेदाची खिल्ली उडवणारा एक प्रसंग चित्रित होत असताना तिथला एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला ते आपल्याला खटकले, असे त्याने पुढे सांगितले. शब्द त्याचेच होते, हेतूही स्वच्छ होता, पण हसणारा भलत्याच गोष्टीला हसत होता. याच चॅपेलच्या २०२१ मधल्या कार्यक्रमातील पारलिंगी व्यक्तींवरच्या विनोदांविरुद्ध नेटफ्लिक्सचे कर्मचारी काम सोडून रस्त्यावर उतरले. चुकीचे हसू ज्याला इतक्या अचूकपणे ओळखू आले, त्याने या लोकांचे म्हणणे अधिक सबुरीने ऐकून घ्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून कोणता विनोद चालेल आणि कोणता नाही, हा निवाडा शासनाच्या हाती द्यावा का? चीनमध्ये २०२३ साली एका कलाकाराने आपल्या कुत्र्यांच्या संदर्भात सैन्याचे घोषवाक्य वापरले, तेव्हा सैन्याचा अपमान झाला म्हणून त्याच्या कंपनीवर दंड आणि जप्ती मिळून सुमारे १ कोटी ४७ लाख युआनची कारवाई झाली. सत्तेच्या भावना दुखावल्या की तिच्या हाती तिजोरी, पोलीस आणि तुरुंग असतात. प्रेक्षागृहातून उठून जाणाऱ्या माणसाकडे यांतले काही नसते. कॅनडात माइक वॉर्ड या कलाकाराने एका अपंग बालगायकावर केलेल्या विनोदांचा खटला तर वर्षानुवर्षे चालला. न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्या गायकाला ३५ हजार डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार अशा मतांनी रद्द केला. मला हा निकाल पटतो. पण शाळेत तेच विनोद ऐकून घ्यावे लागलेल्या त्या मुलाचे दुःख निकालाने खोटे ठरत नाही, आणि ते मोजण्याचे काम न्यायालयाच्या आवाक्यातलेही नाही.

ते काम रंगमंचावरच होऊ शकते, आणि आता ते होतेही आहे. सेरेब्रल पाल्सी या मेंदूशी संबंधित विकारामुळे बोलू न शकणारा ली रिडली टॅबलेटवर विनोद टाइप करतो आणि यंत्राच्या आवाजात ते प्रेक्षकांना ऐकवतो. त्याचे बहुतेक विनोद त्याच्या स्वतःच्या अपंगत्वावर आणि त्याच्याशी अवघडून वागणाऱ्या धडधाकट माणसांवर असतात. २०१८ मध्ये ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा त्यानेच जिंकली.